कॉफीची छायेतील लागवड, दक्षिण भारतातील

उंच वृक्षांच्या विरळ सावलीत कॉफीची झुडपे लावून मळा तयार करण्याची पद्धती. कर्नाटकातील चिकमगळूर, कोडगू (कूर्ग) व हासन हे जिल्हे, केरळातील वायनाड आणि तमिळनाडूतील निलगिरी, शेवराय व पलनी या डोंगररांगा ही या पद्धतीची भारतातील प्रमुख क्षेत्रे होत. आंध्र प्रदेश व ओडिशा या राज्यांतील पूर्व घाटाच्या आदिवासी भागांतही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिचा प्रसार झाला. महाराष्ट्रात चिखलदरा (जि. अमरावती) परिसरात थोड्या क्षेत्रावर कॉफी होते. ब्राझीलमध्ये कॉफीचे बहुतेक मळे उघड्या उन्हात असतात. भारतात याउलट जवळजवळ सर्व कॉफी छायावृक्षांखाली वाढविली जाते.

मूळचे जंगल राखून त्यात कॉफी लावली, एवढ्यावरूनच भारतीय मळ्यांत छाया आली असे सामान्यपणे मानले जाते. हे अंशतःच खरे आहे. एकोणिसाव्या शतकात अनेक मळेवाल्यांनी जंगल साफ तोडून व जाळून कॉफी लावली होती. कीड व रोग यांमुळे मोठी हानी सोसल्यानंतर त्यांनी त्याच जमिनीवर पुन्हा वृक्ष उभे केले. छायेची आजची व्यवस्था ही या हानीतून शिकलेल्या धड्याचे फळ होय. सेंद्रिय व रासायनिक लागवडीसंबंधी विसाव्या शतकाच्या अखेरीपासून जी चर्चा चालू आहे, तिचा अर्थही या इतिहासाच्या आधारे अधिक स्पष्ट होतो.

कॉफीचे झुडूप व छाया : अरेबिका कॉफी (कॉफिया अरेबिका) ही मूळची इथिओपियाच्या नैर्ऋत्य भागातील डोंगराळ अरण्यांतील वनस्पती असून तेथे ती उंच वृक्षांखालच्या थरात वाढते. रोबस्टा कॉफी (कॉफिया कॅनेफोरा) मध्य व पश्चिम आफ्रिकेतील उष्ण अरण्यांतील आहे. दक्षिण भारतात अरेबिकाची लागवड साधारणतः १,००० ते १,५०० मी. उंचीवर आणि रोबस्टाची ५०० ते १,००० मी. उंचीवर करतात. दोन्ही जाती सावलीत तग धरतात; तथापि सावली त्यांना सारख्या प्रमाणात लागत नाही. रोबस्टाला विरळ सावली पुरते.

भर उन्हात कॉफीला अधिक फुले व फळे येतात. परंतु फळांच्या मानाने पाने अपुरी पडली, तर फांद्यांतील साठविलेले अन्न संपते, फांद्या शेंड्याकडून वाळू लागतात आणि पुढील वर्षी पीक घटते. छायेमुळे एका वर्षाचे कमाल उत्पन्न कमी होते. मात्र झुडूप अधिक वर्षे टिकते आणि वर्षावर्षांच्या उत्पन्नातील चढउतार मर्यादित राहतात. शिवाय फेब्रुवारी ते मे या कोरड्या काळात जमिनीतील ओल टिकते, जोरदार पावसाचा मारा थेट जमिनीवर बसत नाही आणि गळलेल्या पानांचा थर कुजून मातीत मिसळतो. फळे सावकाश पिकत असल्यामुळे बीही चांगले भरते.

छाया जितकी दाट तितकी चांगली, असे मात्र नाही. दाट सावलीत हवा खेळत नाही व पावसाळ्यात पाने दिवसेंदिवस ओली राहतात. अशा ठिकाणी कवकामुळे पाने व फळे काळी पडून कुजतात. या विकाराला कन्नड भाषेतील ‘कोळे रोग’ हेच नाव मळ्यांत रूढ असून कवकाच्या शास्त्रीय नावातही ते आले आहे. म्हणून छाया राखणे म्हणजे झाडे नुसती उभी ठेवणे नव्हे, तर ऋतूप्रमाणे त्यांची सावली कमीअधिक करणे होय.

प्रारंभ : कॉफीचे बी भारतात आणण्याचे श्रेय परंपरेने बाबा बुदन या सूफी साधूस दिले जाते. सतराव्या शतकात मक्केच्या यात्रेहून परतताना त्यांनी येमेनमधून कॉफीच्या सात बिया आणल्या व चिकमगळूरजवळील डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे. हा डोंगर आज बाबा बुदनगिरी या नावाने ओळखला जातो. आख्यायिकेतील तपशील काहीही असो, सतराव्या शतकाच्या अखेरीस भारताच्या पश्चिम किनारपट्टीवर कॉफीची झाडे होती हे निश्चित आहे. कारण डचांनी १६९६ मध्ये व पुन्हा १६९९ मध्ये मलबारमधूनच कॉफीची रोपे जावा बेटात नेली. पहिली रोपे नष्ट झाली, दुसरी जगली. जावातील झाडांपासून तयार झालेले एक रोप पुढे ॲम्स्टरडॅमच्या वनस्पतिउद्यानात पोहोचले आणि त्याच्या संततीतून अमेरिका खंडातील पुष्कळशी कॉफी निर्माण झाली. जुन्या मराठीत कॉफीच्या बियांना ‘बुंद’ म्हणत. हे नाव मूळ अरबी शब्दाशी जुळते आणि हा माल अरबी समुद्रावरील व्यापाराने परिचित झाल्याचे सुचविते.

भारतात पुढील सु. दीडशे वर्षे कॉफी हे परसातले झाड राहिले. घराजवळ, फणस व उंबर यांसारख्या झाडांच्या सावलीत थोडी झुडपे लावावीत, फळे वाळवून बी काढावे व उरलेले विकावे, असा प्रघात होता. या लागवडीला स्वतंत्र खत किंवा मशागत नव्हती. तिच्यातून उत्पन्न थोडे मिळे, पण कीड व रोग यांनी सरसकट नाश झाल्याचे दिसत नाही.

मळ्यांचा उदय : इंग्रजी भांडवलावर चालणारे मळे एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात सुरू झाले. कॅनन या मळेवाल्याने बाबा बुदनगिरीच्या दक्षिणेस १८३० च्या सुमारास मळा घातला. कोडगूचे राज्य १८३४ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आले. १८५४ मध्ये फाउलर याने मडिकेरी येथे तेथील पहिला यूरोपीय मळा सुरू केला. वायनाड व निलगिरी या भागांतही याच सुमारास जमिनी लागवडीखाली आल्या. कोडव, गौड व इतर स्थानिक शेतकऱ्यांनीही लहान लहान मळे केले.

नव्या मळेवाल्यांपुढे सिलोनचा (श्रीलंकेचा) आदर्श होता. तेथे डोंगरउतारावरील जंगल तोडून जाळीत आणि राखेने सुपीक झालेल्या मोकळ्या जमिनीत कॉफीच्या ओळी लावीत. पहिल्या काही वर्षांत भरघोस पीक येई व गुंतविलेले भांडवल लवकर परत मिळे. कोडगू व वायनाड येथील अनेक मळ्यांत हीच रीत स्वीकारण्यात आली. म्हैसूर संस्थानातील जुन्या मळ्यांत काही मूळची झाडे राखली जात. परंतु सावलीमुळे पीक घटते, असा समज तेथेही बळावत होता. अरण्यातील कुजलेल्या पानांची माती अनेक पिढ्यांत साठलेली होती. उघडी पडल्यावर ती मुसळधार पावसात थोड्याच वर्षांत धुपून गेली.

खोडकिड्याचा प्रादुर्भाव : १८६० नंतरच्या दशकात पावसाने ओढ दिलेली काही वर्षे आली आणि कोडगू, म्हैसूर व वायनाड येथील मळ्यांत झुडपे एकाएकी पिवळी पडून मरू लागली. हे काम खोड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याचे (झायलोट्रेकस क्वाड्रिपेस) होते. याची मादी खोडाच्या सालीतील भेगांत अंडी घालते. अळी आत शिरून अनेक महिने लाकूड पोखरते. बाहेर लक्षणे दिसेपर्यंत झुडूप बहुधा वाचविण्यापलीकडे गेलेले असते. काही मळ्यांतील बहुतेक झुडपे उपटून जाळावी लागली व अनेक मळे ओसाड पडले.

या आपत्तीची चौकशी करण्यासाठी मद्रास सरकारने वैद्यकीय खात्यातील अधिकारी जॉर्ज बिडी यांची नेमणूक केली. त्यांनी मळ्यांतून हिंडून पाहणी केली. त्यांचा अहवाल १८६९ मध्ये प्रसिद्ध झाला. भुंगेरा बाहेरून आलेला नसून मूळचाच आहे व उघड्यावरील, ओल कमी पडलेल्या झुडपांवर त्याचा जोर अधिक असतो, हा त्यांच्या निरीक्षणाचा गाभा होता. योग्य सावलीतील मळे पुष्कळ अंशी वाचल्याचे दिसून आल्याने त्यांनी छाया राखण्याची व नसेल तेथे नव्याने झाडे लावण्याची शिफारस केली. पुढील कीटकशास्त्रीय अभ्यासाने याला पुष्टी मिळाली : भुंगेऱ्याची मादी ऊन पडणारे, तापलेले खोड अंडी घालण्यासाठी पसंत करते. आधी कीड नगण्य होती. तिला साथीचे रूप येण्यास जंगलतोड व अवर्षण ही दोन कारणे एकत्र यावी लागली.

तांबेरा व सिलोनचा अनुभव : बिडी यांचा अहवाल आला त्याच वर्षी, म्हणजे १८६९ मध्ये, सिलोनमध्ये कॉफीच्या पानांवर नारिंगी भुकटीचे ठिपके दिसू लागले. बर्कली व ब्रूम या कवकशास्त्रज्ञांनी या तांबेरा कवकाला हेमिलिया व्हॅस्टाट्रिक्स हे नाव दिले. लवकरच ते दक्षिण भारतातही पोहोचले. हॅरी मार्शल वॉर्ड यांनी १८८० ते १८८२ या काळात सिलोनमध्ये त्याचा अभ्यास केला. बीजुकांचा प्रसार वाऱ्याने होतो, रुजण्यासाठी त्यांना पानावर पाण्याचा थर लागतो आणि एकाच पिकाचे सलग, अखंड क्षेत्र रोगाला अनुकूल ठरते, हे त्यांनी दाखवून दिले. सिलोनमधील कॉफीचे क्षेत्र १८७० नंतरच्या दशकात सु. २·७५ लाख एकरांपर्यंत गेले होते. पुढील दोन दशकांत ते जवळजवळ नाहीसे झाले व तेथे चहा आला.

दक्षिण भारतातील कॉफी मात्र टिकली. वायनाड व निलगिरी येथील अनेक मळे बंद पडले किंवा चहाकडे वळले. म्हैसूर व कोडगू येथील मळे कमी उत्पन्नावर का होईना, चालू राहिले. याचे श्रेय केवळ छायेला देणे बरोबर होणार नाही. या भागात पावसाळ्यानंतर दीर्घ कोरडा काळ असतो व त्यात कवकाचे चक्र खंडित होते. शिवाय ‘चिक’ हा जुना वाण मागे पडून ‘कूर्ग’ हा जोमदार वाण १८७० नंतर म्हैसूरमध्येही पसरला. परंतु खोडकिड्यामुळे छायेकडे वळलेल्या मळ्यांत झुडपांवरील फळांचा भार मर्यादित राहिला, मातीचा कस टिकला व पानगळीनंतर झुडपांना पुन्हा पालवी धरता आली. मंजराबाद भागातील मळेवाले रॉबर्ट एलियट यांनी गोल्ड, स्पोर्ट अँड कॉफी प्लँटिंग इन मायसोर (१८९४) या ग्रंथात छायावृक्षांची निवड, अंतर व छाटणी यांची सविस्तर चर्चा केली आहे. छाया हा लागवडशास्त्राचा स्वतंत्र विषय बनल्याचे त्यावरून दिसते.

छायेची रचना : विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत दोन थरांची छाया ही भारतीय मळ्यांची रूढ रचना बनली. खालच्या थरात पांगाऱ्याच्या जातीची झाडे असतात. पांगाऱ्याचे खुंट जमिनीत रोवले की ते लवकर फुटतात. ही झाडे शिंबावंत कुलातील असल्याने त्यांच्या मुळांवरील गाठींत हवेतील नायट्रोजनाचे स्थिरीकरण होते आणि त्यांची मऊ पाने लवकर कुजतात. वरच्या थरात उंबर व त्याच्या वर्गातील इतर वृक्ष, फणस, शिरीष, शिसवी, तून इ. दीर्घायुषी वृक्ष असतात. त्यांच्या खोडांवर मिरीचे वेल चढवितात. त्यामुळे मळेवाल्यास दुसरे उत्पन्न मिळते व कॉफीचे भाव कोसळले असता आधार होतो.

वर्षाचे काम पावसाच्या क्रमाने ठरते. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात वळवाची एक चांगली सर आली की आठदहा दिवसांत मळे पांढऱ्या फुलांनी भरून जातात. काही आठवड्यांत दुसरी सर न आल्यास फळधारणा कमी होते. मॉन्सूनच्या तोंडावर पांगाऱ्याच्या फांद्या छाटून झुडपांवर उजेड सोडतात. छाटलेला पाला जागीच पसरला जातो. पावसाळा संपल्यावर पांगाऱ्यास फुटलेली नवी पालवी उन्हाळ्यापर्यंत दाट होते. वरच्या थरातील वृक्षांच्या खालच्या फांद्या काढून सावली उंच नेतात.

ही सर्व कामे माणसांच्या हातांवर अवलंबून होती. उंच झाडांवर चढून फांद्या तोडणे हे मळ्यातील सर्वांत धोक्याचे काम होय. हे मजूर दक्षिण कानडा, म्हैसूरचे मैदानी प्रदेश व मद्रास इलाखा येथून मेस्त्रीमार्फत आगाऊ रक्कम देऊन आणले जात. आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत मजुराला मळा सोडता येत नसे आणि कराराचा भंग हा १८५९ च्या कायद्याने दंडनीय होता. हा कायदा १९२५ मध्ये रद्द करण्याचे ठरले. कोडगू व वायनाड येथील यरव व पणिय या आदिवासी जमातींत पिढीजात वेठबिगारी होती. मळे-कामगार अधिनियम, १९५१ अन्वये निवास, वैद्यकीय सोयी व कामाचे तास यांविषयी तरतुदी झाल्या. वेठबिगारी १९७६ च्या अधिनियमाने संपुष्टात आणली गेली. छायेतील कॉफीचे गुणगान करताना तिच्या खर्चाचा हा भाग दुर्लक्षिता येत नाही.

संशोधन व रासायनिक उपाय : म्हैसूर सरकारने १९२५ मध्ये बाळेहोन्नूर (जि. चिकमगळूर) येथे कॉफी प्रयोग केंद्र स्थापन केले. संस्थानचे कृषिसंचालक लेस्ली कोलमन यांचा यात पुढाकार होता. येथे डब्ल्यू. डब्ल्यू. मेन यांनी १९३२ मध्ये तांबेरा कवकाचे एकाहून अधिक शरीरक्रियावैज्ञानिक वंश असल्याचे सिद्ध केले. ‘केंट’ हा प्रतिकारक्षम समजला गेलेला वाण काही मळ्यांत रोगाला का बळी पडू लागला, याचे उत्तर त्यातून मिळाले. संकरातून तयार केलेला ‘एस. ७९५’ हा अरेबिका वाण १९४० नंतरच्या दशकात प्रसृत झाला व पुढे अनेक दशके लोकप्रिय राहिला. रोबस्टाची लागवड विसाव्या शतकाच्या प्रारंभी सुरू झाली. तांबेरा व खोडकिडा या दोहोंस ती बव्हंशी दाद देत नाही.

मोरचूद व चुना यांपासून केलेल्या बोर्डो मिश्रणाची फवारणी पावसाळ्याआधी व नंतर करण्याची पद्धत या काळात रुळली. त्यापूर्वी मळ्यांत शेणखत, पेंड, हाडांचा चुरा व जंगलातील पानमाती यांचा वापर होई. दुसऱ्या महायुद्धानंतर नायट्रोजनयुक्त रासायनिक खते, बीएचसी व लिंडेन यांसारखी कीटकनाशके आणि पुढे तणनाशके प्रचारात आली. कॉफी मंडळाच्या नियंत्रणाखालील सामाईक विक्रीव्यवस्थेमुळे मळेवाल्यांना भावाची काहीशी शाश्वती होती. ही व्यवस्था १९४० च्या दशकारंभी सुरू झाली व १९९६ मध्ये पूर्णपणे संपली. भारताचे कॉफी-उत्पादन १९५०–५१ मध्ये सु. १९ हजार टन होते, ते १९७०–७१ मध्ये सु. १·१ लाख टनांवर गेले. या वाढीत नवे क्षेत्र, सुधारित वाण व रासायनिक खते या तिन्हींचा वाटा आहे. भारतातील ‘रासायनिक’ लागवड ही छाया काढून नव्हे, तर छायेखालीच झाली, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

लॅटिन अमेरिकेतील घडामोडी याच्या उलट आहेत. तांबेरा १९७० मध्ये ब्राझीलमध्ये व १९७६ मध्ये निकाराग्वात आढळला. सावलीतील दमटपणा रोगास पोषक ठरेल, या भीतीने व उत्पादन वाढविण्याच्या उद्देशाने कोलंबिया, कोस्टा रीका इ. देशांत छायावृक्ष तोडून बुटके, दाट लावलेले व भरपूर खत मागणारे वाण आणण्यात आले. एकाच रोगाने एका शतकाच्या अंतराने दोन प्रदेशांना विरुद्ध दिशांना नेले. पुढे तेथील जमिनीची धूप व पक्ष्यांच्या अधिवासाचा ऱ्हास यांकडे शास्त्रज्ञांनी लक्ष वेधले आणि १९९० नंतरच्या दशकात छायेतील कॉफीला स्वतंत्र प्रमाणपत्र देण्याची कल्पना पुढे आली.

सेंद्रिय लागवड : सेंद्रिय शेतीच्या आधुनिक विचाराचे एक मूळ भारतातच आहे. ॲल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथील संस्थेत वनस्पतींचे अवशेष व शेण यांपासून कंपोस्ट करण्याची ‘इंदूर पद्धत’ विकसित केली. ती स्वीकारणाऱ्यांत केनियातील कॉफी मळेवाले आघाडीवर होते. परंतु प्रमाणपत्रावर आधारलेली सेंद्रिय कॉफी ही पुढील काळातील गोष्ट होय. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम भारत सरकारने २००० च्या सुमारास सुरू केला. त्यानुसार संश्लेषित खते, कीटकनाशके व तणनाशके वर्ज्य असून बहुवार्षिक पिकांसाठी तीन वर्षांचा परिवर्तनकाळ ठेवलेला आहे. याच सुमारास कॉफीच्या जागतिक किमती फार खाली गेल्या होत्या व अधिक भाव देणाऱ्या सेंद्रिय बाजारपेठेचे आकर्षण वाढले. पूर्व घाटातील अराकू खोऱ्यात आदिवासी शेतकऱ्यांच्या लहान मळ्यांत ही पद्धत विशेष रुजली. तेथे रासायनिक द्रव्यांचा वापर मुळातच अत्यल्प होता.

जुन्या मळ्यांत परिवर्तन अधिक कठीण ठरते. पहिली काही वर्षे उत्पन्न घटते, तण हाताने काढावे लागते व कंपोस्ट करण्यास मजूर लागतात. प्रमाणपत्राचा खर्च लहान शेतकऱ्यास एकट्याने झेपत नाही. गट करूनच तो विभागता येतो. खोडकिड्याच्या बाबतीत खोडावर चुन्याची निवळी लावणे, खरवडून साल गुळगुळीत करणे, कामगंध सापळे लावणे, किडलेली झुडपे वेळीच उपटून जाळणे आणि सावली पुरेशी ठेवणे हे उपाय उरतात. लिंडेनच्या वापरावर भारतात २०१३ पासून बंदी आल्याने रासायनिक पद्धतीच्या मळ्यांनाही पुष्कळसे याच उपायांकडे यावे लागले. फळ पोखरणारा भुंगेरा १९९० मध्ये निलगिरीतील गुडलूर भागात प्रथम आढळला. त्याच्यावर ब्यूव्हेरिया बॅसियाना हे कवक, परजीवी गांधीलमाश्या व गळलेली फळे वेचणे यांचा एकत्रित उपयोग केला जातो. बोर्डो मिश्रण मात्र मर्यादित प्रमाणात सेंद्रिय पद्धतीतही चालते. मातीत तांब्याचा साठा होण्याचा धोका दोन्ही पद्धतींना समान आहे.

यावरून या दोन पद्धतींमधील सीमारेषा वाटते तितकी ठळक नाही असे दिसते. छाया योग्य असेल, तर रासायनिक मळ्यातही फवारणी कमी लागते. ती बिघडली, तर सेंद्रिय मळ्याचा टिकाव लागणे अवघड होते. प्रमाणपत्र मुख्यतः मळ्यात काय घातले नाही ते सांगते. मळ्यावर कोणती झाडे उभी आहेत, याची माहिती त्यातून फारशी मिळत नाही.

छायेचे बदलते रूप : विसाव्या शतकाच्या अखेरीपासून छायेचे स्वरूप पालटत आहे. रोबस्टाचे प्रमाण वाढून ते भारताच्या एकूण उत्पादनाच्या दोन-तृतीयांशांहून अधिक झाले. तुषार सिंचनाने मोहोर हमखास आणता येऊ लागल्याने ओल राखणाऱ्या सावलीची गरज कमी भासू लागली. मूळच्या वृक्षांच्या जागी ऑस्ट्रेलियातून आणलेला सिल्व्हर ओक सर्वत्र दिसू लागला. तो सरळ व झपाट्याने वाढतो, मिरीच्या वेलास चांगला आधार देतो व त्याचे लाकूड विकता येते. परंतु त्याची पाने सावकाश कुजतात आणि पक्ष्यांना उंबराप्रमाणे फळे मिळत नाहीत.

या बदलास कायद्याचेही कारण आहे. कर्नाटक वृक्षसंरक्षण अधिनियम, १९७६ अन्वये झाड तोडण्यास परवानगी लागते. सिल्व्हर ओकला यातून सूट आहे. कोडगूमध्ये भातशेतीला जोडून पाला, सरपण व चराई यांसाठी दिलेल्या ‘बाणे’ जमिनींवर पुढे कॉफी लावली गेली. यांपैकी ज्या जमिनींवरील वृक्षांचे मूल्य सरकारात भरलेले नाही, तेथील मूळच्या वृक्षांवर धारकाचा पूर्ण हक्क नसतो. ज्या झाडाचे लाकूड आपले नाही, ते जपण्यापेक्षा आपल्या मालकीचे झाड लावणे शेतकऱ्याला सोयीचे वाटते. संरक्षणासाठी केलेल्या नियमाचा परिणाम असा काही अंशी उलटा झाला आहे.

छाया विरळ होण्याचे परिणाम मळ्याच्या कुंपणापुरते राहत नाहीत. कोडगू हा कावेरीचा उगमप्रदेश आहे. तेथे बाराशेहून अधिक ‘देवरकाडू’ म्हणजे देवराया असून त्यांच्यामधील जमीन मुख्यतः कॉफीच्या मळ्यांनी व्यापलेली आहे. देशी वृक्ष असलेले मळे पक्षी व लहान प्राणी यांना एका देवराईतून दुसरीकडे जाण्यास मार्ग देतात. हत्तीही मळ्यांत शिरतात व फणसासाठी रेंगाळतात. त्यांच्या हल्ल्यांत मजुरांचे प्राण गेले आहेत, ही या सहवासाची दुसरी बाजू होय. पांगाऱ्यावर पाने व देठ यांत गाठी करणारी परदेशी गांधीलमाशी २००५ च्या सुमारास दक्षिण भारतात आली व खालच्या थरातील छायेचे बरेच नुकसान झाले. अवेळी पाऊस व लांबलेला उन्हाळा यांमुळे अरेबिकावरील खोडकिड्याची समस्या पुन्हा तीव्र झाली आहे. १८६० नंतरच्या दशकात अवर्षण व विरळ छाया यांची जी सांगड पडली होती, तिची ही आठवण करून देते.

मूल्यमापन : भारतातील छायेतील कॉफीला २०१९ मध्ये कूर्ग, चिकमगळूर, बाबा बुदनगिरी व अराकू येथील अरेबिका आणि वायनाड येथील रोबस्टा या नावांनी भौगोलिक निर्देशांक मिळाले. त्यामुळे प्रदेशाचे नाव जपले जाईल; त्या नावामागील वृक्षांचे आच्छादन जपण्याची हमी मात्र त्यात नाही. भारतातील बहुसंख्य कॉफी-उत्पादक हे लहान शेतकरी आहेत. उंबर वा शिसवी राखल्याने एका वर्षात जे उत्पन्न घटते ते त्यांच्या पदरचे जाते. पाणी, माती व वन्यजीव यांना होणारा लाभ मात्र सर्वांचा असतो. कॉफीला छाया हवी की नको, हा प्रश्न १८६९ पर्यंतच्या अनुभवाने बव्हंशी सुटला आहे. ती छाया राखण्याचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न मळेवाले, ग्राहक व शासन यांच्यापुढे अजून उभा आहे. त्याचे समाधानकारक उत्तर मिळाल्यास सेंद्रिय व रासायनिक या दोन्ही पद्धतींचे मळे टिकू शकतील. न मिळाल्यास दोहोंचाही आधार हळूहळू कमी होत जाईल.